धुराड्यावरचा कंगवा

रविवार, २० मार्च २०२२. त्या दिवशी दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्या लांबीचे होते आणि, ध्रुवांचा अपवाद सोडला तर, पृथ्वीवर कुठेही उभे राहिले तरी सूर्य जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवला. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल. पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टींबाबत तशी खात्री देता येत नाही. आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्या सकाळी एक कवळ्या बनवणारे गृहस्थ बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या फाटकाशी, बगलेत चार पंख्यांचा ड्रोन धरून, उजाडण्याची वाट पाहत उभे होते.

त्यांना सगळे कवळीमास्तर म्हणत. ही पदवी कोणत्या शाळेने दिलेली नव्हती. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीलाही पांढऱ्या भुकटीची कायमची साय धरलेली. त्या खोलीत बसून मास्तर उभी हयात दुसऱ्यांचे दात घडवत आले होते. मांडणीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले असत आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने मालकाची खूण केलेली असे: ‘पोस्टातल्या बाई’, ‘घाईचे’, ‘बिल्डर, वरचा’. या लोकांपैकी निम्म्यांची तोंडे मास्तरांनी कधी पाहिलेली नव्हती. त्यांना फक्त ठसा लागत असे. मऊ लगद्यात उमटलेल्या खळग्यांवरून, माणूस कोणत्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो की नाही, हे ते सांगत. आणि सांगून झाल्यावर, “हा आपला अंदाज,” असेही न विसरता जोडत.

साठीकडे झुकलेली माणसे बागकामाला लागतात किंवा दुसऱ्यांच्या चुका काढू लागतात. मास्तरांनी ड्रोन जोडायला घेतला. सुटे भाग टपालाने आले, सांगाडा त्यांनी स्वतः कापला, आणि त्यांची संध्याकाळ त्यात जाऊ लागली. ते अविवाहित होते. माडीवर राहत आणि जेवायला खाली थोरल्या भावाकडे उतरत. वहिनी ताट वाढताना हटकून विचारत, “भावजी, आज उडालं का तुमचं पाखरू?”

“उडालं. पण थरथरतं फार.”

“थरथरणारच. धरलंय कुणी, तेही बघायला नको का?”

थोरले भाऊ हाडाचे गवंडी. त्यांना मिस्त्री याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारलेली घरात कोणाला आठवत नाही. सिमेंटच्या धुळीने त्यांची छाती निकामी करत आणली होती. पलंग आणि खिडकीतली खुर्ची, एवढाच त्यांचा परीघ उरला होता. खिडकीतून साबणाच्या कारखान्याचे धुराडे दिसे. ते बांधणाऱ्यांत मिस्त्री होते, आणि सगळ्यात वरचा थर आपण एकट्याने पुरा केला, असे ते सांगत. हे खरे असावे. त्यांच्या बरोबरीचा एक बिगारी तसेच सांगत असे. त्यापुढचा भाग मात्र एकट्या मिस्त्रींच्या सांगण्यावर उभा होता.

तो भाग असा. वहिनींचे वडील त्या वेळी कारखान्याच्या बांधकामावर पहारेकरी होते. वहिनी, तेव्हा अर्थातच वहिनी नसलेल्या, त्यांचा डबा घेऊन येत. एके दिवशी त्यांचा कंगवा वाळूच्या ढिगावर राहिला. तरुण मिस्त्रींनी तो उचलून खिशात टाकला. उद्या परत देऊ, त्या निमित्ताने दोन शब्द बोलू, असा बेत. त्याच दुपारी ते धुराड्याच्या माथ्यावर शेवटचा गिलावा करत होते. माल ओला होता, खिशात कंगवा होता, आजूबाजूला कोणी नव्हते. त्यांनी कंगवा काठावर, सूर्य उगवतो त्या बाजूला, दाबला आणि उचलला. उतरताना तो खिशातून निसटला आणि कुठे पडला ते कळलेच नाही.

लग्न पुढे रीतसर, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ठरले. लग्नानंतर मिस्त्रींनी बायकोला ही गोष्ट मोठ्या मायेने सांगितली. त्यांची अपेक्षा काय असेल, ती असो. बायको म्हणाली, “कंगवा हरवलात आणि वर गोष्ट रचलीत. छान.”

तेव्हापासून या घरात ‘धुराड्यावरचं’ असा एक शब्दच रूढ झाला. जे तपासता येत नाही, ते धुराड्यावरचं. अभ्यास झाला म्हणणाऱ्या मुलांना वहिनी विचारत, “वहीत केलास की धुराड्यावर?” दुधवाला म्हणाला की आजचं दूध घट्ट आहे, तर ते धुराड्यावरचं. मुले मोठी होऊन आपापल्या गावी गेली आणि तो शब्द बरोबर घेऊन गेली. मिस्त्री हसत. पण मास्तरांनी लहानपणापासून भावाचा चेहरा वाचलेला होता. त्या हसण्यात दर वेळी एक दात कमी असे.

मग कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली. जागा विकली गेली होती, तिथे इमारती उठणार होत्या, आणि मार्च संपायच्या आत धुराडे पाडले जाणार होते. पाटीची बातमी मास्तरांनीच घरी आणली. दोन घास गिळून झाल्यावर, ताटाकडेच पाहत, मिस्त्रींनी विचारले, “तुझं ते विमान तिथवर जातं का रे?”

“जातं की.”

“कॅमेरा आहे ना त्याला?”

“आहे.”

“मग बघ जमलं तर,” मिस्त्री म्हणाले आणि आमटीचा भुरका घेतला, जणू कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला सांगत आहेत.

वहिनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “उद्या वर काही नसलं, की म्हणतील पावसानं धुतलं.”

पहिले उड्डाण फेब्रुवारीत, एका दुपारी झाले. कारखान्याचा फाटकवाला मास्तरांचे गिऱ्हाईक. खालची कवळी त्यांच्याच हातची. त्यामुळे आत जायला अडचण पडली नाही. ड्रोन वर गेला, काठाभोवती फिरला, उतरला. संध्याकाळी मास्तरांनी ते चित्रीकरण मिस्त्रींच्या मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर लावले. काठ आला. पूर्वेची बाजू आली. आणि एका क्षणी, उन्हात तळपणाऱ्या गिलाव्याच्या कडेला, स्पष्ट, बारीक, एकसारखे दात दिसले.

“थांबव,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी नुसते बोट ठेवले.

वहिनींनी चष्मा पदराने पुसला, वाकून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि काही न बोलता आत निघून गेल्या. त्या घरात त्यांनी न बोलता सोडून दिलेला तो बहुधा पहिलाच मुद्दा असावा.

पुढचे काही दिवस मिस्त्रींचा रंगच पालटला. समाचाराला येणाऱ्याला आधी धुराडे दाखवत, मग लॅपटॉप. दुधवाल्यालाही दाखवला. औषधाची गोळी घ्यायला कुरकुर करणारा माणूस आता स्वतः वेळेवर हात पुढे करू लागला. वहिनी टोमणा मारत नव्हत्या. ‘धुराड्यावरचं’ हा शब्द त्या आठवड्यात घरात उच्चारला गेला नाही.

स्वस्थता नव्हती ती एकट्या मास्तरांना. त्यांना त्या दातांत काहीतरी खटकत होते, आणि दातांच्या बाबतीत त्यांना खटकले की जेवण गोड लागत नसे. मिस्त्री नेहमी सांगत की कंगव्याचे शेवटाकडचे दोन दात पडलेले होते. इथे तर सगळी ओळ सलग होती, आणि कोणत्याही कंगव्याला असावेत त्यापेक्षा कितीतरी लांब. दवाखाना बंद झाल्यावर मास्तरांनी ते चित्रीकरण अगदी सावकाश पुढे सरकवत पाहिले. पुढच्याच चित्रात दात किंचित सरकले होते. त्याच्या पुढच्यात आणखी. वीज खाली उतरवायला काठावर जी सळई उभी केलेली होती, तिलाही दात फुटले होते. सळईवर एक कावळा बसला होता; त्याच्या पाठीलाही.

कंगव्याचा ठसा जागा बदलत नाही. बदलत होता तो कॅमेरा. असला कॅमेरा एक चित्र एकदम टिपत नाही; वरून खाली, ओळीमागून ओळ वाचत जातो. मधल्या मध्ये ड्रोन थरथरला तर प्रत्येक ओळ जरा वेगळ्या जागी पकडली जाते, आणि सरळ कडेची करवत होते. मोटरच्या थरथरीने ते दात कोरले होते. मिस्त्री ज्यावर बोट ठेवून बसले होते, ते मास्तरांच्याच कामातले वैगुण्य होते.

सांगावे की न सांगावे, यात मास्तरांचे दोन दिवस गेले. न सांगितले असते तर कोणाचेही काही बिघडणार नव्हते. धुराडे पडले असते आणि चित्र राहिले असते. पण त्या करवतीच्या मागे खरा ठसा असेल, तर तो या खोट्याखाली कायमचा गाडला जाणार होता. हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्याचे पाहून ते खाली उतरले.

“दादा, एक सांगायचंय.”

“सांग की. तोंड का असं केलंयस? कुणाला कवळी उलटी बसली का?”

“ते दात कंगव्याचे नाहीत.”

“मग काय माझे आहेत?”

“मोटरचे आहेत. ड्रोन थरथरतो, त्यानं सरळ कडेला दात दिसतात. सळईलाही आलेत. कावळ्याला पण.”

मिस्त्रींनी खिडकीबाहेर धुराड्याकडे पाहिले. “कावळ्याला पण,” ते म्हणाले. मग, “हे सांगायलाच हवं होतं का रे?”

“खोटे दात आहेत हे दिसल्यावर गप्प बसवेना.”

“जन्मभर खोटेच दात बसवत आलास की.”

“पण ते खोटे आहेत हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, दादा.”

“तिला मीच सांगतो,” मिस्त्री म्हणाले. आणि त्यांनी सांगितले. वहिनी भाजी निवडत होत्या. “मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा निवडू लागल्या. टोमणा आला नाही. त्या रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. टोमणा मारण्याइतकेही आता त्यात काही उरले नाही, असा त्याचा अर्थ मिस्त्रींनी घेतला, आणि गोळ्यांची कुरकुर पुन्हा सुरू झाली.

मास्तरांनी ड्रोन दवाखान्यामागच्या खोलीत नेला आणि टेबलावरचे जबडे बाजूला सारले. थरथरीचा उगम शोधायचा तर ती आधी दिसायला हवी. हाताला ती जाणवे, पण हात मोजमाप देत नाही. तोंडात घालून दात पाहायचा छोटा गोल आरसा त्यांच्याकडे होताच. त्याची दांडी कापून तो त्यांनी ड्रोनच्या एका बाहूवर, मोटरीशेजारी चिकटवला. समोरून लेझरचा किरण त्या आरशावर सोडला. परतलेला लाल ठिपका पलीकडच्या भिंतीवर पडला. मोटर बंद असताना ठिपका ठिपक्यासारखा होता. मोटर सुरू केली, तशी त्याची वीतभर रेघ झाली.

आता काय करायचे ते उघड होते: रेघेचा पुन्हा ठिपका करायचा.

आधी पाती. प्रत्येक जोडी त्यांनी एका बारीक आडव्या तारेवर तोलली. जड बाजू खाली झुकली की हलक्या पात्याच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा, मग त्या तुकड्याची कापाकापी, जोवर जोडी कुठल्याही कोनात सोडली तरी तिथेच राहत नाही तोवर. रेघ आखडली, पण गेली नाही. मग पाती काढून नुसत्या मोटरी फिरवून पाहिल्या. मोटरीची बाहेरची वाटी फिरते. तिचे एक अंग दुसऱ्यापेक्षा केसभर जड असले तरी सगळा बाहू थरारतो. वाटीला कुठेतरी कणभर वजन लावायला हवे होते. कुठे आणि किती, हे लावून, फिरवून, भिंतीवर पाहूनच कळणार होते. मास्तरांचा हात आपोआप गुलाबी मेणाकडे गेला. कवळीचा पहिला आराखडा याच मेणात होतो. तापल्या सुरीने कण लावावा, कण खरवडावा, पुन्हा लावावा. या कामात त्यांना कोणी मागे टाकले नसते. एकेक मोटर त्यांनी अशी बसवली की भिंतीवरच्या रेघेची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी उरली.

उरलेला दाणा मात्र हटेना. त्यावर त्यांनी धंद्यातलीच युक्ती लावली. नवी कवळी कुठे टोचते हे पाहायला निळ्या शाईचा पातळ कागद दातांत धरून चावायला सांगतात. उंचवटा असेल तिथे निळा डाग उमटतो. तसा कागद त्यांनी ड्रोनच्या फटीफटीतून फिरवला. बॅटरीचा पट्टा आणि कॅमेऱ्याची पट्टी यांच्यात सुईच्या टोकाएवढा निळा ठिपका उठला. कॅमेरा रबराच्या चार गुंड्यांवर टांगलेला होता, थरथर त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून; आणि हा पट्टा चोरवाटेने ती थेट त्याच्यापर्यंत नेऊन पोचवत होता. मास्तरांनी पट्ट्याचा कोपरा तासला. भिंतीवर ठिपका उरला. ते खुर्चीत मागे रेलले आणि स्वतःशीच हसले.

“कुणाची बसली?” दारातून डॉक्टरीणबाईंनी विचारले. त्या दवाखान्याच्या मालकीण. मास्तरांपेक्षा वयाने बऱ्याच लहान, आणि त्यांच्या चमत्कारिक हसण्याला सरावलेल्या.

“धुराड्याची,” मास्तर म्हणाले.

दुसरे उड्डाण मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाले. वर जाताना चित्र काचेसारखे स्थिर होते. विटेवीट मोजता येत होती. मास्तरांनी धुराड्याच्या अंगाने सावकाश, वाऱ्याचा अंदाज घेत ड्रोन चढवला. तो माथ्याशी पोचला, काठ पडद्यावर आला, आणि काठाला दात फुटू लागले. आधी बारीक, मग मोठे. पूर्वेची बाजू येईतो सगळे चित्र उकळत्या पाण्यासारखे झाले होते. मास्तरांनी ड्रोन उतरवला आणि तिथेच, दगडावर, डोक्याला हात लावून बसले.

घरी कोणी विचारले नाही. मिस्त्री झोपल्याचे सोंग करून पडले होते. त्यांना ते नीट जमत नसे.

ड्रोन पुन्हा टेबलावर आला. आरसा, किरण, भिंत. ठिपका पुन्हा ठिपकाच. मास्तरांनी हात टेकले. दुपारी डॉक्टरीणबाई कोणाचा तरी ठसा घेऊन आल्या, तेव्हा मास्तर टेबलाकडे पाठ करून भिंतीकडे पाहत होते. बाईंनी ठसा ठेवला आणि ड्रोन हातात घेऊन उलटा केला.

“मास्तर, हे गुलाबी काय ओघळलंय?”

मोटरीच्या बुडाशी, बाहूच्या काळ्या अंगावर, मेणाचा एक अगदी बारीक फराटा होता. चारही बाहूंवर होता.

“मेण आहे,” मास्तर म्हणाले.

“मेण ठेवूनच पाठवलंत वर?” बाईंच्या सुरात चेष्टा नव्हती, त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. मेण हे कामापुरते असते. आकार मनासारखा जमला की मेण वितळवून काढतात आणि त्याच जागी टणक राळ भरतात. दवाखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर पहिल्या दिवशी हेच शिकवत: मेण तोंडात गेले की घासाच्या उबेनेही हलते. खोलीत मोटर जेमतेम मिनिटभर फिरवायची, ती गार असतानाच निकाल मिळायचा. वर चढताना मोटरी तापल्या, मेण मऊ पडले, फिरत्या वाटीवर सरकत गेले आणि ज्या तोलासाठी ते लावले होते तोच बिघडवून बसले. उतरल्यावर उरलेले मेण जिथे थिजले, तिथला तोल योगायोगाने बरा होता. किंवा तसे नसेल. हा मास्तरांचा अंदाज.

“हाताला सवय,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. “मेणाला हात गेला, आणि पुढची पायरी डोक्यातून गेली.”

“मग घ्या की आता पुढची,” बाई म्हणाल्या. “हा ठसा राहू दे. गिऱ्हाईक घाईचं नाही.”

मास्तरांनी मेण खरवडून काढले आणि त्याच जागी, त्याच वजनाच्या बेताने, कवळीच्या राळेचे ठिपके बसवले. राळ सुकली. या वेळी त्यांनी मोटरी तळवा ठेववेनासा होईपर्यंत फिरवल्या. ठिपका हलला नाही.

म्हणून २० मार्चची ती पहाट. दिवस मास्तरांनी विचारपूर्वक निवडला होता. ठसा उथळ असणार. डोक्यावरचे ऊन त्याला सपाट करून टाकते, तिरपे ऊन मात्र प्रत्येक खळग्यात सावली भरते. शिवाय दुसरा दिवस उरलेलाच नव्हता. धुराड्याच्या बुडाला भोके पाडून झाली होती.

“काय ते आज उरका, मास्तर,” फाटकवाला कुलूप काढताना म्हणाला. “परवा मला फाटक राखायचंय, धुराडं नाही.”

“कवळी कशी आहे?”

“तिचं काय होतंय? ती पाण्यात असते, मी उन्हात.”

सूर्याची कड वर आली तेव्हा ड्रोन अर्ध्या वाटेवर होता. मास्तर पडद्याकडे फार पाहत नव्हते. त्यांचे लक्ष आवाजाकडे होते. चार मोटरींचा मिळून एकच सपाट स्वर येत होता, मध्ये कुठे खरखर नव्हती. माथ्यावर त्यांनी ड्रोन पूर्वेच्या बाजूला नेऊन थांबवला, हळूहळू काठाजवळ आणला, ठेवता आला तेवढा ठेवला, आणि उतरवला. काय टिपले गेले ते त्यांनी तिथे पाहिले नाही. घरी मिस्त्री अंघोळ करून, कपडे बदलून, खुर्चीत बसले होते. रविवारी इतक्या लवकर ते कधी उठत नसत.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मास्तरांनी चित्र लावले. आधी त्यांनी सळई दाखवली.

“बघा. सरळ आहे. एक दात नाही तिला.”

“कावळा?” मिस्त्रींनी विचारले.

“आज आला नाही.”

मग काठ आला. गिलावा जागोजागी तडकला होता, एका बाजूने ढलपा निघाला होता. त्या ढलप्याच्या अलीकडे, तिरप्या उन्हात, बोटभर लांबीत आखूड, समांतर, सावलीने भरलेल्या चिरा होत्या. एकसारख्या अंतरावर. मास्तरांनी चित्र पुढे सरकवले, मागे घेतले. चिरा जागच्या हलल्या नाहीत. टोकाशी, ढलप्याला लागून, एका जागी खंड होता. आणि त्यापलीकडे आणखी एक चीर.

मिस्त्रींनी या वेळी बोट ठेवले नाही. त्यांचा श्वास वर लागला होता आणि ते तो खाली बसण्याची वाट पाहत होते. मास्तरांच्या डोक्यात एकच आले: हा ठसा आहे. मऊ मालात, एकदाच, सरळ दाबलेला आणि सरळ उचललेला. ज्याने उचलला त्याचा हात स्थिर होता.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी चष्मा नीट केला आणि चिरांवरून, पडद्याला न लावता, बोट नेले. खंडाशी बोट थांबले.

“इथं काय झालं?”

“दोन दात पडलेले होते,” मिस्त्री म्हणाले. “जन्मभर सांगत आलोय.”

“माझ्या कंगव्याचे सगळे दात होते.”

बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होते, तो आवाज येत राहिला.

“नीट आठव,” मिस्त्री म्हणाले.

“नीटच आठवतंय. आईनं आणलेला नवा कोरा कंगवा होता. एक दात पडलेला नव्हता.” वहिनींनी कमरेवर हात ठेवले. “मग हा कुणाचा, ते सांगा आता.”

मिस्त्रींनी मदतीसाठी भावाकडे पाहिले. मास्तर ड्रोनच्या एका स्क्रूमध्ये अचानक फार गुंतले होते. मिस्त्रींनी पुन्हा बायकोकडे पाहिले, आणि मग त्यांना हसू फुटले. ते हसत राहिले, हसताहसता खोकू लागले, आणि खोकता खोकताच म्हणाले, “कुणाचा का असेना. आहे ना पण वर? आहे की नाही?”

“आहे,” वहिनी म्हणाल्या. “ते कोण नाही म्हणतंय? कुणाचा, तेवढं बोला.”

“आहे म्हणाली,” मिस्त्री भावाला म्हणाले. “ऐकलंस ना? तू साक्षीदार.”

“ऐकलं, दादा.”

“दोघंही भाऊ एका माळेचे मणी,” वहिनी म्हणाल्या, मिस्त्रींच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. संबंध दिवस त्या दर तासाने तोच प्रश्न विचारत राहिल्या. स्वयंपाकघरातून, अंगणातून, एकदा तर मिस्त्रींचा डोळा लागता लागता. आणि मिस्त्री दर वेळी नव्या नव्या बायांची वर्णने करून सांगत, ज्या कोणी कधी नव्हत्या.

मंगळवारी धुराडे पडले. मिस्त्री खिडकीत होते. वहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या. धुराडे आधी कमरेत वाकले, मग एका बाजूला, सावकाश, निजायला गेल्यासारखे खाली गेले. धूळ बसेपर्यंत वहिनींनी मिस्त्रींच्या खांद्यावरचा हात काढला नाही. त्यानंतर काही दिवसांनी त्या चित्राची एक छापील प्रत घरात आली. ती आरशाशेजारी लावलेली आहे, वहिनींचा आत्ताचा कंगवा जिथे असतो तिथे. मिस्त्री गोळ्या वेळेवर घेतात, असे वहिनी म्हणतात. मिस्त्री म्हणतात, ते आधीपासूनच घेत होते.

यातले जे ठरवता आले नाही, ते असे. खंडाची रुंदी दोन दातांना पुरेशी आहे. पण तेवढाच एखादा खडा मालातून निखळला असता तरीही खंड तसाच दिसला असता. ठशाचा पलीकडचा भाग ढलप्याबरोबर गेला आणि माथ्याचा तो तुकडा इतर राबिटाबरोबर कुठल्या तरी इमारतीच्या पायात भरला गेला. कुठल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही. मूळ कंगवा सापडलेला नाही. मास्तरांनी एकदा, मिस्त्री झोपले असताना, वहिनींना खालच्या आवाजात विचारले, “वहिनी, खरं सांगा. दात पडलेले होते की नव्हते?”

वहिनींनी आरशात पाहत वेणीची गाठ मारली. “भावजी,” त्या म्हणाल्या, “ते धुराड्यावरचं आहे.”

तो कंगवा कोणाचा होता, हे अजून ठाऊक नाही.